घरपट्टीचा हिशेब

मुंबई महानगरपालिकेचे मालमत्ता कराचे देयक घरात आले म्हणजे सुशिक्षित गृहस्थही शेवटचा आकडा तेवढा पाहतो, कपाळाला आठ्या घालतो आणि पैसे भरून मोकळा होतो. तो आकडा कसा सिद्ध झाला हे विचारण्याचे त्याला सुचत नाही. सुचले तरी उत्तर सहज सापडत नाही. जो कर नागरिकाला स्वतः ताडून पाहता येत नाही, तो कायदेशीर असूनही परका राहतो. म्हणून या कराची रीत समजून घेणे अगत्याचे आहे.

१८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार पूर्वी आकारणी भाड्यावर होत असे. घराला वर्षाकाठी वाजवीपणे जे भाडे येईल, त्यातून डागडुजीप्रीत्यर्थ १० टक्के वजा करून करयोग्य मूल्य ठरे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि त्यांच्याबरोबर जुन्या इमारतींचा करही गोठला. परिणामी जुन्या चाळीवर नाममात्र कर, तर त्याच रस्त्यावरील नव्या घरावर त्याच्या कित्येक पट, अशी विषमता उत्पन्न झाली. ती दूर करण्यासाठी १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आली. मुद्रांक शुल्कासाठी राज्य शासन जाहीर करते तो दर घ्यावयाचा, त्याला घराच्या क्षेत्रफळाने गुणावयाचे, बांधकामाचा प्रकार, वापर व वय यांचे गुणक लावावयाचे. येणाऱ्या मूल्यावर सर्वसाधारण कर, जलकर, मलनिःसारण कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर इत्यादी आपापल्या दराने बसतात.

या पद्धतीने जुना अन्याय कमी झाला, पण नवा प्रश्न उभा राहिला. भाडे हे हातात पडणारे उत्पन्न होय. भांडवली मूल्य घर विकल्याखेरीज हाती येत नाही. तीस वर्षांपूर्वी दादरला घर घेतलेल्या, आज निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या शिक्षकाच्या घराची किंमत वाढली. त्याची मिळकत त्या मानाने वाढली नाही. शिवाय पालिकेनेही मर्यादा ओलांडली. २०१२ मध्ये केलेले नियम तिने २०१० पासून लागू केले आणि मोकळ्या जमिनीचे मूल्य भावी बांधकामाच्या शक्यतेवर आकारले. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते नियम रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय कायम केला.

२०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना हा कर माफ आहे. हेतू स्तुत्य आहे. परंतु क्षेत्रफळ हे ऐपतीचे माप नव्हे. मलबार हिलवरील ४९० चौरस फुटांचे घर मोकळे सुटावे आणि मानखुर्दच्या ५२० फुटांच्या घरावर कर बसावा, यात कोणता न्याय?

कर नकोच, असे आम्ही म्हणत नाही. १ जुलै २०१७ रोजी जकात गेली. तिच्याऐवजी राज्याकडून येणाऱ्या भरपाईकडे पालिकेला पाहावे लागते. स्वतःच्या अधिकारात उरलेल्या करांत घरपट्टीच अग्रभागी आहे. रस्ते, दवाखाने, शाळा हवी असतील तर ती भरलीच पाहिजे. आमचे म्हणणे इतकेच की, देयकावर दर, क्षेत्रफळ व प्रत्येक गुणक सोप्या मराठीत मांडला जावा आणि सवलत ऐपत पाहून मिळावी.

नागरिकांचेही एक कर्तव्य आहे. ठरविलेल्या मूल्याविरुद्ध तक्रार करण्याचा आणि त्यानंतर लघुवाद न्यायालयात अपील करण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. थकबाकीवरील दरमहा २ टक्के शास्तीची धास्ती सर्वांना आहे. या हक्काची वार्ता मात्र थोड्यांना. पुढचे देयक येईल तेव्हा वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करून पाहावा, आणि जमला नाही तर आपल्या नगरसेवकाला तो समजावून देण्यास सांगावे. त्यालाही तो जमला नाही, तर दोष कोठे आहे हे निराळे सांगावयास नको.