हौसेचा रॉड, माशाचा जीव

कोकणात गरवायला जायचं म्हणजे बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, गळ आणि भरपूर वेळ. संपली तयारी! पण शिकायला किंवा नोकरीला सिएटल-पोर्टलंडकडे गेलेल्या आपल्या मंडळींपैकी कुणाला स्टीलहेडच्या फ्लाय फिशिंगचा नाद लागला, की त्याच्या गप्पा रॉडपासून सुरू होऊन रॉडवरच संपतात. माझा मावसभाऊ त्यातलाच. त्याच्याशी व्हिडीओ कॉलवर वाद घालता घालता माझं एक मत पक्कं झालंय. रॉड निवडताना आपण आपल्या हौसेचा विचार खूप करतो, माशाचा फार कमी.

आधी ‘स्विच रॉड’ म्हणजे काय ते बघू. एका हाताने फेकायचा नेहमीचा फ्लाय रॉड साधारण ९ फुटांचा. दोन्ही हातांनी फेकायचा स्पे रॉड साडेबारा-तेरा फुटांचा किंवा त्याहून मोठा. या दोघांच्या मधला, साडेदहा ते साडेअकरा फुटांचा तो स्विच. एका हाताने चालतो, दोन हातांनीही चालतो. किनाऱ्यावर झाडी दाटलेली असेल तर दोर मागे लांब उडवता येत नाही. तेव्हा दोराचा इंग्रजी ‘डी’सारखा फुगा पाठीशी तयार करायचा आणि तिथूनच पुढे झोकायचा. छोट्या-मध्यम नदीत हे झकास जमतं.

आता खरी गंमत. रॉडवर ५, ७, ८ असा ‘वेट’ लिहिलेला असतो. हे रॉडचं वजन नव्हे, तो कोणत्या वजनाच्या दोरासाठी बनवलाय त्याचा आकडा. त्यातही गोची आहे. एकहाती ७ वेटच्या दोराचे पहिले ३० फूट साधारण १८५ ग्रेन, म्हणजे १२ ग्रॅम भरतात. ७ वेटच्या स्विचवर मात्र ‘स्कॅजिट’ प्रकारचा दोर चारशे-साडेचारशे ग्रेनचा लागू शकतो. आकडा तोच, अर्थ वेगळा. त्यामुळे आकडा बघून दोर विकत घेणारे हमखास फसतात. रॉड बनवणाऱ्याने सांगितलेले ग्रेन विचारा आणि जमलं तर दुकानाबाहेर फेकून बघा.

माझी खरी तक्रार पुढे आहे. ‘५ वेटवर स्टीलहेड काढला’ ही मोठी मर्दुमकी समजली जाते. हलका रॉड, मोठा मासा, लांबलेली झुंज, एकदम थरार! पण त्या थराराचं बिल मासा भरतो. झुंज जितकी लांबते तितका तो दमतो. पाणी कोमट असेल तर त्यात ऑक्सिजनही कमी. असा मासा सोडला की पोहत जाताना दिसतो खरा, पण तो वाचेलच याची खात्री नाही.

आणि इथे सोडणं ही मेहेरबानी नाही, नियम आहे. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन वाढणारा आणि अंडी घालायला नदीत परतणारा रेनबो ट्राउट. १९६९पासून तो वॉशिंग्टन राज्याचा राज्यमासा आहे. तरीही २००७मध्ये प्युजेट साउंडच्या स्टीलहेडची नोंद ‘धोक्यात’ अशी करावी लागली. हॅचरीत वाढवलेल्या माशाचा शेपटीजवळचा पाठीवरचा छोटा पर कापलेला असतो. पर शाबूत असेल तर तो मासा रानटी समजायचा आणि परत पाण्यात सोडायचा. बहुतेक पॅसिफिक सामन एकदा अंडी घालून मरतात, स्टीलहेड मात्र पुन्हा समुद्रात जाऊन पुन्हा येऊ शकतो. म्हणजे धड सोडलेला एक मासा उद्याची पिढी असू शकतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. स्टीलहेडसाठी स्विच घ्यायचा तर ७ किंवा ८ वेटचा घ्या. कमरेत दम असलेला, मासा लवकर काठाशी आणणारा. ५ वेटचा ठेवा ट्राउटसाठी. टोकाचा दोराही उगाच बारीक नको.

नवा रॉड परवडत नाही? मग आहे तो बदला. ८ वेटच्या एकहाती रॉडला खाली चार-सहा इंचांची जादा मूठ बसवून दुसऱ्या हाताची सोय करता येते. मुठीचं कॉर्क पॉलिशपेपरने घासून आपल्या हाताच्या मापाचं करता येतं. रॉड पुढे झुकत असेल तर थोडा जड रील लावला की तोल सावरतो आणि दिवसभर मनगट दुखत नाही. पण एक लक्षात ठेवा. मूठ बदलल्याने रॉडची ताकद वाढत नाही. ५ वेटला लांब मूठ लावली म्हणून तो ८ होत नाही. शिवाय अशा कारागिरीने वॉरंटी जाऊ शकते, ते आधी विचारून घ्या. सगळ्यात स्वस्त बदल तर गळाचा आहे. पक्कडीने त्याचा उलटा काटा दाबून टाका. मासा पटकन सुटतो.

तुम्ही म्हणाल, एवढी काळजी आहे तर पकडताच कशाला? प्रश्न रास्त आहे. गळ लागला की माशाला त्रास होणारच, तो शून्य करणारा रॉड कुणी बनवलेला नाही. पण नदीवर वर्षानुवर्षं जाणारा माणूसच नदी आटली, गढूळ झाली तर पहिला ओरडतो, हेही खरं. हा नाद सुटावा असं मला वाटत नाही. त्याची मिजास मात्र उतरायला हवी.

फोटोचंही तेच. सोडायचा स्टीलहेड पूर्णपणे पाण्याबाहेर उचलायला वॉशिंग्टनमध्ये मनाई आहे. इन्स्टावर छातीशी धरलेला मासा कितीही भारी दिसला, तरी पाण्यातच अर्धा बुडालेला, कल्ले हलवणारा मासा जास्त भारी. पुढच्या वेळी कुणी रॉडची फुशारकी मारली, तर किती वेटचा ते विचारू नका. मासा किती मिनिटांत सोडलास, एवढंच विचारा.