फुकटचा गेम महाग पडतो, विकतचा घ्या

यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेडच्या आईबापांनो, आणि त्यांच्या फोनवर डोळा ठेवून बसलेल्या पोट्ट्यांनो, माझं सांगणं थोडं उलटं वाटेल. पोरांनी गेम खेळूच नये, असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, गेम विकत घ्या. किंमत बघून, एकदाच पैसे मोजून, पावती घेऊन. आपल्याकडे गेमवर पैसे घालणं म्हणजे उधळपट्टी, असा पक्का समज आहे. म्हणून घरात फुकटचा गेम वर्षानुवर्षं चालतो आणि पोराने दोनशे रुपयांचा गेम मागितला की आवाज चढतो. खर्चाचा हिशेब मात्र नेमका याच्या उलट निघतो.

फुकटच्या गेमची कमाई कशी चालते ते आधी बघू. बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्स हे दोन गेम आपल्या जिल्ह्यात कोणत्याही पानटपरीजवळ उभं राहिलं तरी ऐकू येतात. दोन्ही उतरवायला एक पैसा लागत नाही. पहिला दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनचा, दुसरा सिंगापूरच्या गरीनाचा. या कंपन्या धर्मादाय नाहीत. त्यांचा पैसा येतो यूसी आणि डायमंडमधून. तुम्ही रुपये देता, त्याचे यूसी होतात आणि मग बंदुकीचा रंग, अंगावरचा ड्रेस, या हंगामाचा पास हे सगळं यूसीत विकलं जातं. रुपया मध्येच गायब झाल्यामुळे किती गेले ते पोराला कळत नाही, आणि बापाला महिनाअखेरीस कळतं. त्यातही लकी स्पिन आणि क्रेट असतात. पैसे आधी द्यायचे, काय मिळणार ते नंतर कळणार. पैसे देऊन उघडायच्या असल्या पेट्या म्हणजे जुगारच, असं बेल्जियमने २०१८ मध्ये ठरवलं आणि त्या बंद करायला लावल्या. आपल्याकडे त्या सुरू आहेत.

बंदीने हे सुटत नाही, ते आपण पाहिलंच. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने पबजीसह ११८ ॲपवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय म्हणून परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा काढला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झाला, तर पोरं दुसऱ्या दिवशी फ्री फायर मॅक्सवर. परतलेल्या बीजीएमआयमध्ये अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. वय विचारलं की पोरगं बापाचं वय टाकतं आणि मर्यादा संपली.

फुकटचा गेम कधी संपतच नाही, खरी गोम तीच आहे. नव्वदच्या दशकात गेम पार्लरमध्ये नाणं टाकून 'मुस्तफा' खेळलेली पिढी आज चाळिशी ओलांडून बसली आहे. (त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', १९९३ चा, जपानच्या कॅपकॉमचा. ते कुणाला माहीत नव्हतं आणि कुणाचं अडलंही नाही.) खिशातली नाणी संपली की माणूस घरी जायचा. फुकटच्या गेममध्ये हंगामामागून हंगाम येतो, मित्र पुढच्या लेव्हलला गेलेला दिसतो आणि रोज हजेरी लावली नाही तर बक्षीस बुडतं. पुण्याच्या सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' नावाचा असाच लढाईचा गेम आणला. आपल्या मातीतला म्हणून कौतुक करावं, जरूर करावं. पण फुकट वाटून आतून विकायची रीत तिथेही तीच.

पैसे लावून खेळायचे रमी आणि फँटसी क्रिकेट यांना तर मी गेम म्हणतच नाही. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात तत्कालीन कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ गाजला. ती आपोआप आलेली जाहिरात होती असं त्यांनी सांगितलं, आणि महिनाअखेरीस त्यांचं खातं बदललं. कापूसवाल्यांच्या जिल्ह्यात त्यावर काय काय बोललं गेलं ते मी इथे लिहीत नाही. पुढच्याच महिन्यात संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. २२ ऑगस्ट २०२५ ला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. म्हणजे कुणी अडकला असेल तर पोलिसांकडे जायला घाबरू नका. परदेशात बसून टेलिग्रामवर लिंक पाठवणारे अजून आहेत, त्या लिंकला हात लावू नका.

आता विकतच्या गेमकडे. घरात एखादा जुना लॅपटॉप असेल, इंजिनीअरिंगला गेलेल्या दादाचा किंवा ताईचा, तर 'स्टीम' नावाचं दुकान माहीत असू द्या. अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीने ते २००३ मध्ये सुरू केलं, आणि २०१५ च्या शेवटापासून तिथे भाव रुपयांत आहेत. वर्षातले दोन मोठे सेल लक्षात ठेवा. एक जूनच्या शेवटच्या आठवड्यात लागतो. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा, त्याच सुमारास उघडतात आणि घरात बियाणं, खत, वह्या-पुस्तकं यांचा खर्च एकदम अंगावर आलेला असतो. तेव्हा घेऊ नका. दुसरा डिसेंबरच्या शेवटी, कापूस घरात किंवा बाजारात असतो तेव्हा. तो आपल्याला बरा.

सेल लागला की घाई करायची नाही. पूर्वी दर काही तासांनी भाव बदलायचे, २०१५ च्या शेवटापासून ते बंद झालं. पहिल्या दिवशी जो भाव असतो, सहसा तोच शेवटच्या दिवशी. हवे ते गेम वर्षभर 'विशलिस्ट'मध्ये टाकून ठेवा, भाव उतरला की ईमेल येतो. यादीत नसलेला गेम केवळ ऐंशी टक्के सूट दिसते म्हणून घेतला, तर वीस टक्के वाया गेले असं समजा. घेतलेला गेम आवडला नाही तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. म्हणून घेतल्यावर लगेच तासभर खेळून बघा, मग ठरवा. २०२४ पासून एका घरातली सहा माणसं एकमेकांचे गेम वापरू शकतात आणि पोराने मागितलेला गेम मंजूर करायचं बटण आईबापांकडे ठेवता येतं. एक अडचण मात्र आहे. विंडोज ७ आणि ८ वर स्टीम जानेवारी २०२४ पासून चालत नाही. आपल्याकडचे कितीतरी जुने लॅपटॉप त्यावरच आहेत, तेव्हा आधी ते तपासा. नेट सारखं जात असेल तर 'गॉग' हे पोलंडचं दुकान बघा. तिथला गेम एकदा उतरवून पेनड्राइव्हवर ठेवला की नंतर नेट लागत नाही.

पेनड्राइव्हवर मिळणाऱ्या चोरीच्या गेमचंही बोलून टाकतो. गेम क्रॅक करून भरून देणारे प्रत्येक तालुक्याला आहेत, आणि फोनवर तेच काम 'मॉड एपीके' करतं. आपण चोर बीटीचं पाकीट घेतो तसाच हा सौदा. बिल नाही, टॅग नाही, उगवलं नाही तर तक्रार कुणाकडे करणार? फरक एवढाच, की इथे नुसतं पीक जात नाही, फोनमधलं बँकेचं ॲपही धोक्यात येतं. इन्स्टाग्रामवर फ्री फायरची 'आयडी' विकत घेणं, 'यूसी फ्री' म्हणणाऱ्या लिंकवर पासवर्ड टाकणं, हे त्याच्याही पुढचं. पैसे गेले तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा. सायबर फसवणुकीत पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात.

बरं, घ्यायचं काय? नव्या मोठ्या गेमच्या मागे लागू नका. प्लेस्टेशन ५ चा नावाजलेला गेम नवा असताना ४,९९९ रुपयांना विकला गेला आहे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, हिशेब तुम्हीच करा. शिवाय हे गेम शंभर जीबीच्या घरात जातात. दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर एक गेम उतरवायला दोन महिने.

माझी पहिली शिफारस 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बरोन या एकट्या माणसाने चारेक वर्षं खपून तो बनवला आणि २०१६ मध्ये विकायला काढला. दोन जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालतो, आकार अर्ध्या जीबीच्या आसपास, मोबाइलवरही मिळतो, आत ना जाहिरात ना दुसरी खरेदी. आजोबांची पडीक शेती नातवाला मिळते, ती कसायची. बुजगावणं लावलं नाही तर कावळे पीक खातात, हे अगदी खरं वाटतं. पण तिथे बोंडअळी नाही आणि भाव कधीच पडत नाही, त्यामुळे आपल्या भागातल्या माणसाला ही शेती जरा खोटी वाटेल. तरी घ्या.

दहावी-बारावीच्या पोरापोरींना 'पोर्टल २' द्या. २०११ चा गेम आहे, सेलमध्ये बहुतेक वेळा मूळ किमतीच्या चौथाईच्याही खाली येतो. गोळी घालायला माणूसच नाही, सगळी कोडी. बहीणभावाने मिळून खेळायचा वेगळा भाग आहे, त्यात भांडणं होतील, होऊ द्या. आपल्याकडचा हवा असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी', २०२० चा. भावाला शोधत निघालेली मुलगी, जुन्या लघुचित्रांसारखी चित्रं. लढाई थोडी तोकडी वाटते आणि चार-पाच तासांत गेम संपतो, पण संपतो हेच मला आवडलं. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन होतं.

खिशात काहीच नसेल तर खरंखुरं फुकटही आहे. स्वयंसेवकांनी बनवलेला 'सुपरटक्सकार्ट' गाड्यांच्या शर्यतीचा, मोबाइलवर चालतो, जाहिरात नाही. 'झिरो ए. डी.' लॅपटॉपवरचा, त्यात मौर्यांचं राज्य घेऊन रोमनांशी लढता येतं. बुद्धिबळाला 'लीचेस', पूर्ण फुकट आणि एकही जाहिरात नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून पोरींना बुद्धिबळासाठी घरात फोन मागायला एक कारण मिळालं आहे, ते वाया घालवू नका. आजीसाठी 'लुडो किंग' आहेच, नवी मुंबईचा. जाहिरातींनी हैराण केलं तर डेटा बंद करून घरातल्या घरात खेळा.

एका गेमबद्दल मात्र सावध करतो. 'जीटीए'ला गाड्यांचा गेम समजून आठ-दहा वर्षांच्या पोराला देणारे बाप पुष्कळ आहेत. तो अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे. प्ले स्टोअरवर प्रत्येक गेमला ३+, ७+, १२+ असा आकडा असतो, आणि नावाखाली बारीक अक्षरात जाहिराती आहेत का, आत खरेदी आहे का, तेही लिहिलेलं असतं. उतरवण्याआधी ती ओळ वाचा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा, आणि यूपीआयचा पिन पोराला सांगू नका, तो कितीही हुशार असो. पोराकडून चुकून खरेदी झालीच तर ४८ तासांच्या आत गूगलकडे पैसे परत मागता येतात. मिळतीलच असं नाही, पण मागा.

पोरगं दोन तास खेळलं म्हणून त्याला व्यसन लागलं असं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतला, तेव्हा अटही घातली. खेळणं आवरता येत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान होऊनही सुटत नाही, आणि हे साधारण बारा महिने चाललेलं असावं. तसं दिसत असेल तर फोन आपटून काही होणार नाही. १४४१६ हा टेली मानसचा फोन फुकट आहे, किंवा यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा.

खेळणाऱ्या पोरापोरींना शेवटची विनंती. आपल्या भागात यूट्यूबवरचा कुणी ओरडून सांगतो तो गेम चांगला ठरतो, आणि तो ओरडण्याचे पैसे घेतलेला असू शकतो. तुम्ही संपवलेल्या गेमबद्दल तुम्हीच बोला. किती पैसे लागले, किती जीबी, कुठल्या लॅपटॉपवर चालला, किती तासांत संपला, एवढं वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. दारव्ह्याच्या पोरीने एवढं लिहिलं तर दिग्रसच्या पोराचे पैसे वाचतील. आणि गेम आवडला नसेल तर तेही लिहा, पैसे दिलेत म्हणून गप्प बसू नका.