मांजराच्या घरी जाताना

मांजर हद्दीत राहणारे जनावर आहे. गाल घासून स्वतःचा वास लावलेले दाराचे कोपरे, कपाटावरची बैठक, पलंगाखालची लपायची जागा यांनी त्याची हद्द आखलेली असते. टोपलीत कोंबून त्याला हद्दीबाहेर काढले, की तपासणीआधीच त्याचे शरीर बदललेले असते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 30 निरोगी मांजरांचे रक्तदाब, नाडी आणि श्वास आधी घरी व मग रुग्णालयात मोजले होते. रुग्णालयात हे आकडे लक्षणीय वाढलेले आढळले. भीतीने रक्तातली साखरही चढते, त्यामुळे दवाखान्यातल्या एकाच मोजणीवरून मधुमेहाचे निदान करणे धोक्याचे ठरते.

जनावराच्या जागी जाऊन उपचार करणे पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्याला नवे नाही. पौड, माले किंवा धरणाच्या बाजूच्या वाड्यांवर गाय अडली तर डॉक्टरच गोठ्यात जातात. मांजराला मात्र पोत्यात घालून दुचाकीवरून आणायचे, हीच रीत पडली. आता हिंजवडी, माण, बावधनच्या इमारतींत लांब केसांची पर्शियन मांजरे वाढली आहेत आणि भूगावच्या वाहतूक कोंडीत तासभर ओरडणारे मांजर घेऊन बसण्यापेक्षा नखे-केस कापायला घरी माणूस बोलावणे पालकांना सोयीचे वाटते. सोय पालकाची होते हे खरे, पण मांजराची व्हावी यासाठी भेटीची आखणी करावी लागते.

आखणी फोनवरच सुरू होते. मांजर कुठे लपते, पूर्वी कोणाला चावले आहे का, रेबीजची लस कधी दिली, आणि अंगावर अलीकडे कोणते औषध लावले, हे विचारून घ्यावे. शेवटचा प्रश्न मुळशीत विशेष महत्त्वाचा आहे. गोठ्यातल्या गोचिडांवर वापरायचे डेल्टामेथ्रिन किंवा कुत्र्याचे परमेथ्रिन मांजराला लावले, तर ते थरथरू लागते, झटके येतात, प्राणही जाऊ शकतो. तापाची म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची गोळीही मांजराला घातक आहे. फार घाबरट मांजराला पशुवैद्यकाने लिहून दिलेले गॅबापेंटिन हे शांत करणारे औषध भेटीच्या सुमारे दोन तास आधी देता येते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा कमी करावी लागते.

घरात शिरल्यावर पहिली दहा मिनिटे मांजराकडे पाहूही नये. गॅलरीचे दार आणि खिडक्या लावून घ्याव्यात. छताचा पंखा बंद करावा, कारण घाबरलेले मांजर माळ्याकडे उडी घेते. मिक्सर आणि कुकर थोडा वेळ थांबवायला सांगावे. जमिनीवर बसून पालकाशी हळू आवाजात बोलत राहिले, तर बहुतेक मांजरे आपणहून येऊन पिशवी हुंगतात. पलंगाखालून पाय धरून ओढलेले मांजर पुढच्या भेटीला दाराची घंटा वाजताच पळेल. काम त्याच्या झोपायच्या जागी करू नये. ती जागा त्याला सुरक्षित राहू द्यावी.

मानगूट धरून उचलण्याची सवय अजून अनेकांच्या हातात आहे. अमेरिकन असोसिएशन ऑफ फेलाइन प्रॅक्टिशनर्स आणि इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फेलाइन मेडिसिन यांच्या 2022 च्या मार्गदर्शिकेत ती टाळायला सांगितले आहे. जाड टॉवेल, मंद हालचाल आणि बोटावर थोडे ओले खाणे यावर बरेच काम होते. कान मागे पडले, शेपूट आपटू लागली, बाहुल्या मोठ्या झाल्या की हात थांबवावा. फिसकारण्याची वाट पाहणे म्हणजे उशीर झाला.

नखे सहसा अठरा असतात: पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. सगळी एकाच बैठकीत कापलीच पाहिजेत असे काही नाही. केसांच्या जटा हे खरे कसबाचे काम. ताम्हिणीकडून येणारा पाऊस चार महिने हवा ओली ठेवतो. त्या दिवसांत काखेत आणि मांडीत जटा घट्ट होतात. आधी अंघोळ घातली तर त्या आणखी आवळतात. कात्री लावू नये, कारण मांजराची कातडी पातळ असते आणि जटेबरोबर वर ओढली जाते. घरी झालेल्या जखमांमागे बहुधा कात्रीच असते. कातडी आणि जट यांच्यात बारीक फणी सरकवून तिच्यावरून ट्रिमर फिरवावा, पाते तापले का ते मनगटावर बघत राहावे. वीज जाणारच हे धरून ट्रिमर बॅटरीवर चालणारा ठेवावा.

घरभेटीचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात नेलेली घाण. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या संसर्गजन्य आजाराचा विषाणू कपडे आणि वस्तूंवर महिनोन्‌महिने टिकतो, अल्कोहोलच्या सॅनिटायझरला तो दाद देत नाही. एक भाग घरगुती ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटे, मग स्वच्छ पाण्याने धुणे, हा उपाय लागू पडतो, पण आधी केस आणि मळ काढलेला हवा. बुरशीजन्य गजकर्ण फणीवरून आणि ट्रिमरवरून फिरते, पावसाळ्यात तर हमखास. पिल्लांचे घर आधी, आजारी मांजराचे शेवटी, असा दिवसाचा क्रम लावावा. टॉवेल प्रत्येक घरी वेगळा. स्वतःची रेबीजची लस पूर्ण झालेली असावी. चावा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टर गाठावा.

लघवी अडलेला बोका, धाप लागलेले मांजर, दोन दिवस न खाल्लेले लठ्ठ मांजर, यांचे काम घरी होत नाही. त्यांना दवाखान्यातच न्यावे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 नुसार उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे काम आहे, त्यामुळे केस कापायला गेलेल्या माणसाने झोपेचे औषध देऊ नये.

उरतो प्रश्न पैशाचा. पूर्ण काम झाले तरच शुल्क, असे ठरले की धडपड करून मांजर दाबून धरले जाते आणि सगळी काळजी वाया जाते. दोन पायांची नखे कापून परत आलेल्या भेटीचेही ठरलेले शुल्क घ्यावे, आणि तसे पालकाला फोनवरच सांगून ठेवावे.