साथ गेली, वही राहिली

२०२० च्या टाळेबंदीत घरात बसून आम्ही एक उद्योग केला होता. कोरोना गेल्यावर आपले रोजचे जगणे कसे बदलेल, याचे अंदाज जुन्या हिशेबवहीत लिहून ठेवले होते. कारकुनाला कोरा कागद दिसला की तो रकाने पाडणारच! परवा ती वही सापडली.

पहिला अंदाज होता, लोकलची गर्दी कमी होईल, कामे घरून चालतील. १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीचे दोन डोस घेतलेल्यांना लोकल खुली झाली आणि आम्ही पुन्हा दारात लटकू लागलो. घरून काम संगणकवाल्यांना मिळाले. झाडूवाल्याला, आयाबाईला, नाक्यावरच्या मजुराला ते कसे मिळणार?

दुसरा अंदाज, हात धुण्याची सवय टिकेल. पण जिथे दहा घरांत एक नळ, तिथे सवयीपेक्षा नळाची वेळ मोठी.

तिसरा अंदाज, लग्ने साधी होतील. एप्रिल २०२१ मध्ये सरकारने लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास अशी मर्यादा घातली. आमच्या थोरल्या पुतणीचे लग्न त्याच दिवसांत चाळीच्या गच्चीवर लागले. खर्च अठरा हजार, कर्ज शून्य. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, असंच होत जावं." धाकटीचे लग्न २०२३ साली झाले. हॉल, बेंजो, पाचशे पाने आणि पतपेढीचे दोन लाखांचे कर्ज. जामीनदार म्हणून सही आमची! हप्ते अजून चालू आहेत. त्या वेळी आम्ही ही वही उघडून दाखवली नाही, हा दोष आमचा.

साथ आपोआप काही बदलत नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये कायदा करून इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने गरिबांच्या कोंदट वस्त्या पाडल्या, तशा चाळीही बांधल्या. परळच्या अशाच बी.आय.टी. चाळीत पुढे बाबासाहेब राहिले. त्या चाळी नुसत्या प्लेगच्या धास्तीने उभ्या राहिल्या नाहीत. त्यासाठी कायदा, पैसा आणि माणसांचे हात लागले.

नळासाठी, दवाखान्यासाठी आपल्याला एकत्र येऊन पालिकेचे दार ठोठवावे लागेल. लग्नाचा खर्च कमी करायला मात्र कोणाच्याही दारी जावे लागत नाही.

सध्या आमच्या मुलीचे ठरते आहे. वहीत आम्ही नवा आकडा लिहिला : माणसे पन्नास. सकाळी पाहतो तो खाली पेन्सिलीने सौ.चे अक्षर : "माझ्या माहेरचे धरून?"

खोडरबर घरात आहे, पण आकडा अजून आम्ही खोडलेला नाही.