बेणं, पेटंट आणि आण्णांचा प्रश्न

परवा वीकेंडला हुपरीला घरी गेलो होतो. आमची हुपरी म्हणजे चंदेरी नगरी. घरोघरी पैंजणांचं काम आणि गावाबाहेर पडलं की ऊस. आण्णांची (माझे थोरले चुलते) लागणीची गडबड चालली होती. बेणं शेजारच्या रानातलं. सहज विचारलं, "आण्णा, ह्या जातीचं कुणाला काही द्यावं लागतं का?"

"कुणाला रं? उसाचं पैसं दिलं की झालं. कांड्या करायच्या, लावायच्या. चांगलं आलं की म्होरल्या साली आमचं बेणं दुसरा नेतोय."

मला लगेच ओपन सोर्स आठवलं. धंद्याचा दोष, दुसरं काय :)

पण खरंच बघा. आमच्याकडचा प्रसिद्ध ऊस म्हणजे को ८६०३२. यातला 'को' कोइमतूरचा. तिथली सरकारी ऊस पैदास संस्था १९१२ पासूनची. ८६ म्हणजे १९८६ साल. चक्क व्हर्जन नंबर! दुसरा 'दोनशे पासष्ट', म्हणजे फुले २६५, राहुरी कृषी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्राचा, २००७ साली आलेला. दोन्ही जनतेच्या पैशातून झालेले. आणि उसाचं वैशिष्ट्य असं की कांडीच्या डोळ्यातून येणारं रोप मूळ उसाची हुबेहूब कॉपी असतं. एकदा बेणं हातात आलं की शेतकरी स्वतःच सर्व्हर.

आता कापसाकडे या. बीटी कापसाला आपल्याकडे २००२ साली परवानगी मिळाली. आपल्याकडे तो आला संकरित वाणांमधून, आणि संकरित कापसाचं घरचं बी पेरलं तर पुढच्या पिढीत तसंच पीक येत नाही. म्हणजे दर हंगामाला नवं पाकीट. थोडक्यात, वार्षिक सबस्क्रिप्शन. तंत्रज्ञान खोटं नव्हतं. बोंडअळीवर सुरुवातीला ते चाललं. पण २०१७ साली महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने कापसाची वाट लावली, आणि पाकीट मात्र तरीही विकतच घ्यायचं होतं. बियाण्याच्या किमतीवरून इतकी भांडणं झाली की केंद्राला २०१५ साली किंमत नियंत्रणाचा आदेश काढावा लागला.

"म्हणजे जीएम वाईटच की!" असं तुम्ही म्हणाल. थांबा. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी मंजुरी नसलेला तणनाशक सहन करणारा कापूस जाहीरपणे पेरला. कायदा मोडून! शेतकऱ्यालाच हे नकोय, हा समज बराचसा आपल्या शहरी चर्चांमधला. "जीएम हवं की नको" हा वाद मला "सॉफ्टवेअर चांगलं की वाईट" इतकाच निरर्थक वाटतो. खरा प्रश्न लायसन्सचा आहे.

कुणी म्हणेल, फुकट कॉपी होणार असेल तर संशोधनावर पैसे कोण घालणार? मुद्दा रास्त आहे. पण त्याचं उत्तर सरकारी संशोधनाला जास्त पैसे, हे आहे. शेतकऱ्याचा हात बांधणं हे नाही.

अर्थात सरकारी म्हणजे सोवळं, असंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या धानात तीन वेगळ्या लोंब्या हेरल्या. त्यातून झालेलं एचएमटी तांदळाचं वाण आज आपण सगळे खातो. १९९४ साली कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बी नेलं आणि १९९८ साली 'पीकेव्ही एचएमटी' नावाने वाण प्रसारित केलं. विद्यापीठाचं म्हणणं, शुद्धीकरण आम्ही केलं. केलं असेल! पण आपल्याकडे दुसऱ्याच्या कोडमध्ये दुरुस्ती केली म्हणून मूळ लेखकाचं नाव पुसत नाहीत. दादाजी २०१८ साली गेले, हलाखीतच.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण म्हणजे मे २०२५ मध्ये केंद्राने जनुक-संपादित भाताची दोन वाणं जाहीर केली. सरकारी संशोधन, बाहेरचं जनुक नाही. चांगली गोष्ट आहे. पण ज्या क्रिस्पर तंत्राने हे होतं, त्याची मूळ पेटंटं परदेशी संस्थांकडे आहेत. आपल्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, ब्रँड न लावता विकायचा हक्क दिलाय. हा हक्क अशा प्रत्येक नव्या वाणाला पूर्णपणे लागू राहील, असं वाण बाजारात येण्याआधी लेखी जाहीर व्हायला हवं. नंतर कोर्टात नाही.

निघताना आण्णांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तसला ऊस आला, तर शेजारच्याला बेणं देता येईल न्हवं?"

मला छातीठोकपणे 'हो' म्हणता आलं नाही.