दहाला उघडणारा पडदा

२०२५ च्या मार्चमध्ये आमच्या टीममधले चौघे जण पुण्याहून मुंबईला जाऊन 'फँटम ऑफ द ऑपेरा' बघून आले. बीकेसीतल्या अंबानींच्या कल्चरल सेंटरमध्ये. त्याआधी २०२३ च्या मे महिन्यात तिथेच 'साउंड ऑफ म्युझिक' येऊन गेलं होतं. सोमवारी कॅन्टीनमध्ये आधी झुंबराची चर्चा झाली, मग तिकिटाच्या किमतीची झाली (हजारांत होती, आणि ती सांगताना चेहऱ्यावर दुःख नव्हतं). शेवटी एक जण म्हणाला, "आपल्याकडे हे टूरिंग म्युझिकल थिएटरचं कल्चरच नाही यार. तिकडे कसे सेट ट्रकमध्ये घालून गावोगाव फिरतात!"

मी डबा बंद केला. भांडायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून तेव्हा भांडलो नाही. पण ते डोक्यात राहिलं ते राहिलंच, तेव्हा आज शनिवार आहे, भांडून घेतो.

मी ब्रह्मपुरीकडचा. वैनगंगेच्या अलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातली ब्रह्मपुरी, पलीकडे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे सरकारी कागदावरचं देसाईगंज. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा आणि जंगलाचा सगळा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. इथे भाऊबीजेपासून मंडया सुरू होतात. लेकी माहेरी येतात, जावई येतात, धान कापून हातात चार पैसे आलेले असतात, आणि गावात नाटक असतं. हे पार होळीपर्यंत चालतं. सेट ट्रकमध्ये घालून गावोगाव फिरणं म्हणताय ना? आमच्याकडे कंपनीची गाडी आज सिंदेवाहीकडच्या एखाद्या गावात, उद्या कुरखेड्याकडे, परवा पवनीकडे अशी हिंडते. दुपारी मोकळं मैदान, संध्याकाळी स्टेज, रात्री दहा-साडेदहाला नांदी, पहाटे चार-पाचला शेवट, सकाळी पुन्हा मोकळं मैदान. आम्ही ऑफिसात एका रिलीजसाठी तीन आठवडे मीटिंगा करतो, ते जाऊ दे.

गाणी असतात, ती तिथल्या तिथे म्हटली जातात. स्टेजच्या बाजूला ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड घेऊन वादक बसलेले असतात. नाच असतो, विनोदी पात्र असतं, रडारड तर पोत्याने असते. त्याला म्युझिकल म्हणायचं नसेल तर कशाला म्हणायचं मला कळत नाही.

आणि व्यवहार! अमेरिकेत ब्रॉडवेचं नाटक दौऱ्यावर निघतं तेव्हा त्या त्या शहरातला आयोजक निर्मात्याला ठरलेली रक्कम कबूल करतो, वर विक्रीतला वाटा ठरलेला असतो, आणि तिकिटं खपवायची जबाबदारी आयोजकाची. आमच्या गावातलं मंडळ वडशाला जातं. तिथे नाट्यकंपन्यांची दुकानासारखी ऑफिसं आहेत, बाहेर पाट्या. नाटक कोणतं, हिरॉईन कोण, कॉमेडी कोण, तारीख कोणती, यावर घासाघीस होते, ठरलेले पैसे द्यायचे, आणि मग तिकिटं खपवणं मंडळाच्या डोक्यावर. खपली तर गावाच्या कामाला पैसे उरतात, नाही खपली तर मंडळाच्या पोरांचं वर्षभर तोंड लपवणं. यात अनुदान कुठे आलं का? प्रेक्षक तिकीट काढतो, त्यावर नटाचं घर चालतं.

पुण्या-मुंबईतल्या किती मराठी नाटकांबद्दल हे छातीठोकपणे म्हणता येईल?

तर माझी तक्रार कॅन्टीनमधल्या मित्राबद्दल नाहीच. त्याला माहीत नव्हतं, संपलं. तक्रार आहे ती ज्यांना माहीत आहे त्यांच्याबद्दल. ही मंडळी झाडीपट्टीचं नाव निघालं की एकदम हळवी होतात आणि "लोककला" म्हणतात. लोककला जपली पाहिजे, ठेवा आहे, वारसा आहे. मग महोत्सवात अर्धा तास, शाल, श्रीफळ, फोटो. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. ते कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे, आयुष्य स्टेजवर गेलेला माणूस. मिळायलाच हवी होती, आमच्या घरी त्या दिवशी पेढे आणले होते. पण त्यानंतर सगळीकडे तोच सूर: दुर्गम भागातली लोककला. अहो, दंडार ही लोककला. खडी गंमत ही लोककला. झाडीपट्टीचं नाटक त्यांच्या मातीतून वर आलं हे खरं, पण त्याला लेखक आहे, दिग्दर्शक आहे, पडदे आहेत, करार आहे, तिकीट आहे. तो धंदा आहे. आणि धंदा हा शब्द मी शिवी म्हणून वापरत नाहीये.

शब्दाला काय एवढं कवटाळायचं, असं तुम्ही म्हणाल. कवटाळायचं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. करोनात ब्रॉडवे १२ मार्च २०२० ला बंद झालं. त्याच डिसेंबरमध्ये अमेरिकेने कायदा करून थिएटरं, निर्माते, जलसे भरवणारे यांच्यासाठी मदतीची योजना आणली, ती पुढे १६ अब्ज डॉलरच्या घरात गेली. का? कारण तो बुडत चाललेला धंदा म्हणून मोजला गेला. झाडीपट्टीचा २०२०-२१ चा हंगाम गेला तेव्हा आमच्याकडे कोणी तसा हिशोब मांडला नाही. ठेवा बुडत नसतो ना, तो फक्त "लोप पावतो".

पण माझा खरा मुद्दा करोनाचाही नाही. तो आहे भोंग्याचा.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. अपवाद दोन. एक, बंदिस्त जागा, म्हणजे सभागृह वगैरे, जिथे आतला आवाज आतल्यांसाठी असतो. दोन, राज्य सरकार सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगासाठी दहा ते बारा अशी सूट देऊ शकतं, वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. ही सूट सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये वैध ठरवली. आता गणित करा. १५ दिवस गुणिले दोन तास, म्हणजे ३० तास. आमचं एक नाटक सहा तासांचं. झाली पाच नाटकं. तीही तुकड्यातुकड्याने, पहिला अंक झाला की घरी जा! हंगाम चार महिन्यांचा.

ज्या रंगभूमीचा पडदाच दहाला उघडतो, ती नियमाप्रमाणे चालूच शकत नाही. चालते ती कोणीतरी काणाडोळा करतं म्हणून. एखाद्या रात्री एखाद्या अधिकाऱ्याने काणाडोळा करायचा नाही असं ठरवलं, तर मंडळाने भरलेले पैसे, नटांची ती रात्र आणि तीन गावांहून आलेली माणसं सगळंच त्याच्या मर्जीवर. आणि गंमत बघा, तेच नाटक चंद्रपूरच्या प्रियदर्शिनी सभागृहात रात्रभर केलं तर या नियमाची आडकाठी नाही. भिंती आहेत ना!

मग सभागृहं बांधा की गावोगाव, असंही सुचवणारे आहेत. त्यांनी एकदा आमच्याकडे या. वर्षातून एकदा नाटक होणाऱ्या गावात वातानुकूलित सभागृह बांधलं तर उरलेले ३६४ दिवस त्यात धानाची पोती ठेवतील, आणि योग्यच करतील.

"बारालाच संपवा ना नाटक" हे तर मी माझ्याच नागपूरच्या नातेवाइकांकडून ऐकलंय. संपवू. पण माणसं जाणार कुठे? पाच-सात किलोमीटरवरून बाया-पोरं चालत, ट्रॅक्टरवर, फटफटीवर आलेली असतात. मध्ये जंगल. ब्रह्मपुरी वनविभागातले वाघ काही पर्यटनापुरते नाहीत, माणसं मरतात तिथे. रात्री बारा वाजता एसटी नाही. नाटक रात्रभर चालतं त्याला कलेची कारणं असतील ती असतील, मला दिसणारं कारण साधं आहे: उजाडल्याशिवाय घरी जाता येत नाही. माझी आजी तर म्हणायची, नाटक लवकर आटपणारी कंपनी चोर :-)

आता दुसरी बाजू, कारण ती आहे. आवाजाचा त्रास खरा असतो. माझी बारावीची परीक्षा तोंडावर असताना शेजारच्या गावचं नाटक मी रात्रभर पाठ केलंय, रसायनशास्त्राऐवजी. आजारी माणूस असतो, तान्हं मूल असतं. आणि खांबावर चार दिशांना चार भोंगे बांधून अख्ख्या पंचक्रोशीला नाटक ऐकवायची काही गरज नसते. हजार माणसं समोर बसलेली असतात, त्यांच्याकडे तोंड करून, खाली, कमी ताकदीचे बरेच स्पीकर लावले तर काम भागतं. यात रॉकेट सायन्स नाही. बंदिस्त जागेचा अपवाद ज्या कारणासाठी आहे, की आवाज बाहेर फार जाऊ नये, ते कारण मैदानातही बऱ्यापैकी पाळता येतं. मैदानाच्या कडेला डेसिबलची मर्यादा घाला, मोजा, मोडली तर दंड करा. त्या बदल्यात हंगामाचा परवाना द्या, भाऊबीज ते होळी, लेखी. संहिता तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून आधीच मंजूर करून घ्यावी लागते. म्हणजे शब्द तपासताना सरकारला हे नाटक आहे हे बरोबर कळतं!

यासाठी केंद्राचा नियम बदलावा लागेल, मला कल्पना आहे. अशक्य वगैरे म्हणू नका. शंकरपटावर ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाची बंदी आली तेव्हाही सगळे म्हणाले, संपलं. राज्याने कायदा केला, वर्षानुवर्षं भांडलं, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, २०२३ मध्ये घटनापीठाने शिक्का मारला. बैलांसाठी एवढं झालं, कारण त्यांच्यामागे मतं होती. नाटकामागे नाहीत का? की नाटकवाल्यांना कोणी एकत्र बसवून विचारलंच नाही?

आमच्या मुंबईच्या नाट्यवर्तुळाने हा विषय हातात घेतला असता तर वजन पडलं असतं. तिकडचे काही कलाकार हंगामात आमच्याकडे येतात, नाव छापून गर्दी खेचतात, चांगलं मानधन घेतात. येऊ देत, आनंद आहे. पण परत गेल्यावर मुलाखतीत "तिथल्या रसिकांचं निरागस प्रेम" सांगतात. निरागस कसलं! समोरचा माणूस तिकीट काढून बसलाय, दुसऱ्या अंकात गाणं पडलं तर तोंडावर सांगतो.

असो. दिवाळीचं रिझर्व्हेशन काढायला हवं. काल मामाचा फोन आला होता. "भाचेबुवा, मंडईले येजो, नाटक ठरलं हाय. खुर्ची पायजे का खाली बसतेस?" खुर्ची सांगितली. मग विचारलं, परवानगीचं काय? मामा म्हणाला, "ते पाहू ना जी त्या दिवशी."