एक 'पर्यंत', इंग्रजी शब्द दोन

समजा, इचलकरंजीच्या एका कापड पेढीने बंगळूरच्या तयार कपड्यांच्या कारखानदारास इंग्रजीत पत्र धाडले : 'वी विल सप्लाय द गुड्स टिल 20 ऑगस्ट.' लिहिणाऱ्याच्या मनातील मराठी वाक्य सरळ होते : 'आम्ही 20 ऑगस्टपर्यंत माल पोहोचवू.' उशिरात उशिरा 20 तारखेला सारा माल हाती पडेल, असे त्याला सांगायचे होते. वाचणाऱ्याने मात्र निराळाच अर्थ घेतला : 20 तारखेपर्यंत पुरवठा चालू राहील आणि पुढे तो बंद होईल. सारा माल नेमका कोणत्या दिवशी पुरा होणार, याचे वचन त्या वाक्यात त्याला आढळलेच नाही. सणाचा हंगाम तोंडावर असताना त्याने दुसऱ्या पेढीकडे मागणी नोंदवली, तर त्याला दोष कसा द्यावा? माल उत्तम, दर वाजवी, नियतही स्वच्छ. तरी एका लहानशा शब्दाने व्यवहार हातचा गेला.

ही चूक होण्याचे मूळ मराठीच्या सोयीत आहे. आपले 'पर्यंत' दोन वेगळी कामे एकटेच करते. पहिले काम मुदत सांगण्याचे : अमुक वेळेच्या आत एखादी गोष्ट पूर्ण झाली पाहिजे. दुसरे काम सातत्य सांगण्याचे : एखादी स्थिती अमुक वेळ येईतोवर अखंड चालू राहील. इंग्रजीने ही दोन कामे दोन शब्दांत वाटून दिली आहेत. मुदतीसाठी 'बाय' आणि सातत्यासाठी 'टिल' किंवा 'अन्टिल'.

हा भेद घरातील नित्याच्या व्यवहारावरून चटकन ध्यानात येतो. 'सूर्यास्तापर्यंत जेवण आटोपले पाहिजे' असे चौविहार पाळणाऱ्या घरात म्हटले जाते. येथे जेवण ही एकदा पूर्ण होणारी क्रिया असून सूर्यास्त ही तिची शेवटची मर्यादा आहे. म्हणून इंग्रजीत 'बाय सनसेट'. त्यानंतर मात्र 'दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत अन्नपाणी नाही' असे म्हटले, की ती रात्रभर चालू राहणारी स्थिती झाली; म्हणून 'टिल सनराइज'. मराठीत दोन्ही ठिकाणी 'पर्यंत'च आहे, पण पहिल्या वाक्यात काम संपते आणि दुसऱ्यात नेम चालू राहतो.

तेव्हा पत्र लिहिताना एकच प्रश्न मनाशी विचारावा : येथे काही पूर्ण व्हायचे आहे, की काही चालू राहायचे आहे? 'पर्यंत'च्या जागी 'उशिरात उशिरा' हे शब्द बसले, तर 'बाय' लिहावे. 'तोवर सतत' हे शब्द बसले, तर 'टिल' लिहावे.

या कसोटीला पेढीवरची नेहमीची वाक्ये लावून पाहावीत. 'रक्कम शनिवारपर्यंत जमा करा' येथे रक्कम एकदाच भरायची आहे. म्हणून 'प्लीज पे बाय सॅटरडे'. 'हा दर महिनाअखेरपर्यंत लागू राहील' येथे दर चालू राहायचा आहे. म्हणून 'दिस रेट इज व्हॅलिड टिल 31 ऑगस्ट'. 'दुकान रात्री नऊपर्यंत उघडे असते' येथेही 'टिल'च हवे. पहिल्या पत्रातील वाक्य आता असे लिहावे : 'वी विल डिलिव्हर द गुड्स बाय 20 ऑगस्ट.'

'टिल' आणि 'अन्टिल' यांच्या अर्थात भेद नाही. औपचारिक पत्रात 'अन्टिल' अधिक शोभते. लिहिताना एवढे लक्षात ठेवावे, की 'टिल'च्या शेवटी दोन 'एल' असतात आणि 'अन्टिल'च्या शेवटी एकच.

मराठीची आणखी एक लकब येथे आड येते. 'जोपर्यंत पैसे मिळत नाहीत, तोपर्यंत माल पाठवणार नाही' या वाक्यात नकार दोनदा येतो आणि ते मराठीत शुद्धच आहे. त्याचेच प्रतिबिंब इंग्रजीत पडून 'अन्टिल वी डू नॉट रिसीव्ह पेमेंट' असे लिहिले जाते. इंग्रजीत 'अन्टिल'नंतरचा नकार गाळावा लागतो. शुद्ध वाक्य असे : 'वी विल नॉट डिस्पॅच द गुड्स अन्टिल वी रिसीव्ह पेमेंट.' नकार फक्त माल पाठवण्यास लागतो. पैसे मिळण्यास नाही.

तारखेऐवजी दिवसांची संख्या असेल, तर दोन्ही शब्द बाजूला ठेवावेत. '15 दिवसांत पैसे देऊ' याचे 'बाय 15 डेज' होत नाही. 'विदिन 15 डेज' होते. 'इन 15 डेज' लिहिल्यास 'पंधरा दिवसांनी' असाही अर्थ निघू शकतो. शिवाय दिवस कोणत्या घटनेपासून मोजायचे, हेही लिहावे. न वटलेल्या धनादेशाबाबत चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम 138 मध्ये रक्कम भरण्यास 15 दिवस दिले आहेत आणि ते नोटीस मिळाल्यापासूनचे आहेत. नुसते '15 दिवस' म्हटले असते, तर मोजणीवरूनच वाद उभा राहिला असता.

उरला प्रश्न त्या शेवटच्या दिवसाचा. 'बाय 20 ऑगस्ट' म्हटले, तर 20 तारीख धरायची की सोडायची? सर्वसाधारण वापरात ती धरली जाते. 'बिफोर 20 ऑगस्ट' म्हटले तर मात्र 19 तारखेलाच मुदत संपते. ज्या करारात मोठी रक्कम गुंतली आहे, तेथे संशयाला जागा ठेवू नये आणि 'ऑन ऑर बिफोर 20 ऑगस्ट' असे लिहावे. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी वेळेवर मिळावीत म्हणून 2006 च्या कायद्यात जी तरतूद आहे, तिच्यातही लेखी ठरलेल्या तारखेसाठी हेच शब्द योजले आहेत. आणि ती ठरलेली मुदत माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही.

निर्यात करणाऱ्यांनी तर या शब्दांकडे अधिकच लक्ष द्यावे. पतपत्रांच्या व्यवहारात जगभरच्या बँका 'यूसीपी 600' ही नियमावली पाळतात. ती 1 जुलै 2007 पासून अमलात आहे. तिच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे माल जहाजावर चढवण्याच्या मुदतीत 'टू', 'टिल', 'अन्टिल', 'फ्रॉम' आणि 'बिट्वीन' या शब्दांसोबतची तारीख मुदतीत धरली जाते. 'बिफोर' आणि 'आफ्टर' यांच्यासोबतची तारीख वगळली जाते. मात्र हुंडी पिकण्याची तारीख काढताना 'फ्रॉम'सोबतचा दिवसही वगळतात. म्हणजे एकच शब्द एका ठिकाणी दिवस जोडतो आणि दुसऱ्या ठिकाणी तो वजा करतो. बँक केवळ कागद पाहते. एका दिवसाच्या फरकानेही ती कागदपत्रे नाकारू शकते आणि माल समुद्रात असताना पैसे अडकून पडतात.

आज बहुतेक पेढ्यांवर पत्रव्यवहार तरुण मुलांकडे आणि सुनांकडे आला आहे. वडीलधाऱ्यांना इंग्रजी कमी येत असेल, पण वायदा म्हणजे काय हे त्यांना पुरते ठाऊक असते. म्हणून पत्र रवाना करण्यापूर्वी त्यातील तारखेचे वाक्य मराठीत मोठ्याने सांगून त्यांना एकदा विचारावे : 'येथे काम संपवायचे आहे, की चालू ठेवायचे आहे?' त्यांचे उत्तर आले, की 'बाय' की 'टिल' हे आपोआप ठरेल.